लंडनची वारी: थेट विमान की दोहामार्गे?

तिकिटांच्या यादीत थेट विमानापुढे ‘१० तास’ लिहिलेलं असतं, कतारच्या दोह्यात विमान बदलून जाणाऱ्यापुढे ‘साडेतेरा तास’, आणि मग आपण त्या साडेतीन तासांचा भाव काढत बसतो. माणशी पंधरा-वीस हजार वाचत असतील तर घ्यावा का थांबा? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदा नीट लिहूनच काढते. उदाहरण लंडनचंच घेते: पुण्या-मुंबईकडचं कुटुंब, सात-आठ दिवसांची सहल, इकॉनॉमीचं जाऊन-येऊन तिकीट.

आधी एक गैरसमज. आखातात उतरून जाणं म्हणजे मोठा वळसा, असं बहुतेकांना वाटतं. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. दोहामार्गे ते साधारण ७,५०० होतं, इस्तंबूलमार्गे तर जेमतेम ७,३००. वळसा असा पडतच नाही. वेळ जातो तो उतरण्यात, पुन्हा तपासणीच्या रांगेत पट्टा काढून उभं राहण्यात, गेट शोधण्यात आणि वाट बघण्यात. उलट थेट विमान सरळच जाईल असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केली आणि त्यांना वळसे घ्यावे लागले. दिल्लीकरांना याचा फटका जास्त, मुंबईकरांना कमी. तरी एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिक अशा थेट जाणाऱ्यांची आपापसात तुलना करतानाही तिकिटावरची प्रत्यक्ष वेळ पाहून घ्या.

आता घड्याळ. पुणेकराचा प्रवास विमानात सुरू होत नाही, गॅस बंद केला का हे दुसऱ्यांदा बघण्यापासून सुरू होतो. म्हणून मी दारापासून दारापर्यंत मोजते. खालच्या वेळा नमुन्याच्या आहेत, हंगामाप्रमाणे सरकतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच; हिशोब उन्हाळ्याचा आहे.

थेट, दुपारचं विमान: शनिवारी पहाटे साडेपाचला घर सोडायचं. एक्स्प्रेस-वेवर एक चहा धरून साडेनऊपर्यंत मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर. एकला उड्डाण, दहा तास, आणि लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा. इमिग्रेशन, बॅगा, मग शहरात नेणारी एलिझाबेथ लाइनची रेल्वे. हॉटेलच्या खोलीत नऊ. एकूण वीस तास.

दोहामार्गे: शुक्रवारी ऑफिस उरकून रात्री साडेआठला निघायचं. पहाटे चारचं विमान. दोह्यात तिथल्या वेळेने सव्वापाच, अडीच तासांनी पुढचं विमान, लंडनला दुपारी एक. हॉटेलात साडेतीन, म्हणजे खोली ताब्यात मिळण्याच्या सुमारास. एकूण साडेतेवीस तास.

बघा, गंमत अशी की प्रवास साडेतीन तासांनी मोठा, पण लंडनमध्ये पोचतोय साडेपाच तास आधी. रजा दोन्हीकडे सारखीच. कागदावर थांब्याचं विमान जिंकलं, शिवाय पैसे वाचले ते वेगळेच.

पण त्या शनिवार संध्याकाळचं प्रत्यक्षात काय होतं, तेही ऐका. आम्ही हे केलेलं आहे. रात्री एकला टी-टूच्या रांगेत मुलगी ट्रॉलीवर बसल्या बसल्या झोपली. चारला विमानात बसलो, डोळा लागतो न लागतो तोच दिवे लागले आणि पाच वाजता समोर ऑम्लेट. दोह्याच्या विमानतळावर मधोमध एक अवाढव्य पिवळं अस्वल आहे, डोक्यातून दिवा निघालेलं. त्याच्या आसपास पहाटे अर्धी दुनिया पेंगत असते. आम्हीही त्यातलेच झालो. मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, ती तेवढी गोड लागली. पुढच्या विमानात माना वाकड्या करून झोपलो. हॉटेलात पोचल्यावर नवरा म्हणाला, ‘जरा पाठ टेकतो.’ सगळ्यांना जाग आली ती रात्री दीडला, टक्क. मिळालेली संध्याकाळ गादीतच गेली आणि रविवार जांभया देण्यात.

म्हणून थांबा किती तासांचा आहे यापेक्षा तो रात्रीच्या कुठल्या प्रहरी येतो, हे मी आधी बघते. दहा तासांच्या सलग विमानात निदान एक मोठी झोप होते. तीन आणि सात अशा दोन तुकड्यांत धड एकही होत नाही. मुंबईहून आखाताकडे जाणारी विमानं बरीचशी अपरात्री सुटतात, कारण युरोप-अमेरिकेच्या सकाळच्या विमानांशी त्यांना जुळवून घ्यायचं असतं. आपली झोप त्या जुळणीत जाते. मात्र सकाळी उशिरा निघून रात्री लंडनला उतरवणारी जोडी मिळाली, तर मी थांब्याला हसत हो म्हणेन. पहाटे निघून सकाळीच लंडनला उतरवणारी थेट विमानंही असतात. त्यांचा जाच वेगळा: झोप नाही, आणि खोली दुपारपर्यंत मिळत नाही. बॅगा हॉटेलात टाकून बागेत बसायचं.

नागपूरकरांचं आणि गोवेकरांचं गणित मात्र पार उलटं आहे. नागपूरहून कतार एअरवेज दोह्याला जाते, गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दोहा आणि मस्कत दोन्हीकडे विमानं आहेत. नागपूरच्या माणसाने ‘थेट’च्या हट्टापायी मुंबई गाठून लंडनचं विमान पकडलं, तर तोही एक थांबाच झाला, आणि दोह्यापेक्षा कटकटीचा. त्याच्यासाठी दोहा हेच खरं थेट. मुंबईमार्गेच जायचं असेल तर आता एक नवी खबरदारी: डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. देशांतर्गत विमान तिथे उतरणार आणि लंडनचं सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून, सुटणार, अशी जोडी स्वस्त म्हणून घेतलीत तर मधला प्रवास रस्त्यावरून आहे. कोड नीट वाचा; नवी मुंबईचा एनएमआय, सहारचा बीओएम.

आता थांब्यातला खरा धोका. एकदा आखातातल्या एका विमानतळावर आमच्या हातात सत्तर मिनिटं होती. पहिलं विमान अर्धा तास उशिरा टेकलं, त्यातून बसने टर्मिनल. आम्ही धावत पोचलो, बॅगा नाही पोचल्या. तीन दिवसांनी त्या हॉटेलवर आल्या. तोवर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वेटर आणि मोजे घेण्यात, तिकिटात वाचवलेल्या रकमेतला चांगलाच वाटा गेला. विमान कंपनीने फॉर्म भरून घेतला, पैसे यायला चार महिने लागले. तेव्हापासून दोन तासांपेक्षा कमी थांबा मी घेत नाही, मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर तीन. औषधं, चार्जर आणि प्रत्येकाचा एक जोड कपडे हातातल्या बॅगेत. थेट विमानातही बॅगा हरवतात, पण बॅग एका विमानातून दुसऱ्यात चढवण्याचं कामच नसलं की चुकायला जागा कमी उरते.

आणि सगळ्यात स्वस्त म्हणून जे तिकीट वर दिसतं, ते उघडून बघा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटं एकत्र चिकटवलेली असू शकतात. तसं असेल तर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तरी दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. बॅगाही मध्ये उतरवून घेऊन पुन्हा द्याव्या लागू शकतात आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. दोन्ही विमानं एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर हवीत, म्हणजे मुंबईतच दोन्ही बोर्डिंग पास आणि बॅगेवर लंडनची चिठ्ठी. युरोपातल्या विमानतळावर बदल असेल तर नुसत्या ट्रान्झिटलाही भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरच तपासा, ट्रॅव्हलवाल्याच्या भरवशावर नको.

भरपाईचा कायदा फार कमी जणांना माहीत असतो आणि तो या निवडीत मोलाचा आहे. विमान रद्द किंवा उशीर झाल्यावर प्रवाशाला रोख भरपाई देणारा युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने स्वतःकडे चालू ठेवला. ब्रिटनहून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. ब्रिटनकडे येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषाने चार तास किंवा जास्त उशीर झाला तर माणशी ५२० पौंड. याचा अर्थ असा: मुंबईहून जाताना ब्रिटिश कंपनीच्या थेट विमानाला हे कवच आहे, भारतीय किंवा आखाती कंपनीला नाही. येताना मात्र सगळ्यांना आहे, आणि एकाच तिकिटावर दोह्यात पुढचं विमान चुकलं तर उशीर मुंबईला पोचल्याच्या वेळेवरून मोजतात. चौघांचं कुटुंब असेल तर ही रक्कम छोटी नाही. वादळ झालं किंवा हवाई हद्द बंद पडली तर रोख मिळत नाही, पण जेवण आणि मुक्कामाची सोय कंपनीने करायची असते.

हवाई हद्द बंद वगैरे नुसतं कागदावरचं नाही. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडावा तसा पडला, शेकडो विमानं रद्द झाली आणि लोक टर्मिनलमध्ये दिवसच्या दिवस अडकले. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा कतारने काही तास आकाश बंद केलं आणि दोह्याची विमानं भलत्याच शहरांत उतरली. थेटवाल्यांनी यावर फार हसू नये. २१ मार्च २०२५ ला वीज उपकेंद्राला आग लागून खुद्द लंडनचं हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद होतं. फरक एवढाच की थेट विमानाला दोन टोकं असतात, थांब्याच्या विमानाला तिसरं ठिकाणही सांभाळावं लागतं.

ब्रिटन सोडताना लागणारा प्रवासी कर थांबा घेऊन वाचतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो शेवटच्या मुक्कामाच्या अंतरावरून ठरतो, त्यामुळे दोह्यात दोन तास बसल्याने कमी होत नाही. इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना तो मुळात लागतच नाही. तिकिटात लावलाय का तेवढं पाहून घ्या.

थांब्याच्या विमानाची एक बाजू मला मनापासून आवडते. लंडनला जाऊन लंडनहूनच परत यायचं बंधन राहत नाही. आखाती कंपन्या मँचेस्टर, बर्मिंगहॅम, एडिंबरापर्यंत जातात. लंडनला उतरा, रेल्वेने वर जात एडिंबरा गाठा आणि तिथूनच दोहा किंवा दुबईमार्गे घरी. तिकिटाच्या पानावर ‘मल्टी-सिटी’ निवडलं की जमतं. स्कॉटलंड करायचं असेल तर थेट विमानासाठी लंडनला परत येण्यात अख्खा दिवस जातो, रेल्वेचं भाडं जातं ते वेगळंच. तिथे मी थेटचा विचारही करणार नाही.

नुसतं लंडन आणि पाच-सहा दिवस असतील तर जाताना थेट, हे माझं मत पक्कं आहे. जाताना काही चुकलं तर सहलच मोडते, नाटकाची तिकिटं आणि हॉटेलची पहिली रात्र बुडते. येताना चुकलं तर एक रजा जाते, वर ५२० पौंडांची आशा असते. म्हणून जाताना थेट आणि येताना थांबा, ही जोडी मला आवडते. मिळणं मात्र सोपं नाही. दोन सुटी एकेरी तिकिटं बहुधा महाग पडतात, आणि एकाच कंपनीकडे दोन्ही प्रकार असतीलच असं नाही. दोन्ही बाजूंनी एकच पर्याय घ्यायचा झाला तर फरक माणशी पंधरा हजारांच्या आत असेपर्यंत मी थेट घेते. त्याच्या वर गेला की चौघांचे साठ हजार दिसायला लागतात आणि पिवळं अस्वल एकदम गोजिरं वाटू लागतं.

आईवडील एकटे मुलाकडे निघाले असतील तर मात्र हा आकडा मी बघतच नाही. माझे सासरे पंचाहत्तरीचे, सासूबाईंचे गुडघे गेलेले. व्हीलचेअर दोन्ही ठिकाणी मिळते. तिकीट काढतानाच सांगायची, आदल्या दिवशी फोन करून पुन्हा पक्की करायची. पण थांब्याच्या विमानतळावर व्हीलचेअरवाला त्यांना एका कोपऱ्यात बसवून ‘येतो’ म्हणून जातो, तेव्हा मोबाइलला नेटवर्क नसतं, फलकावर गेट बदललेलं असतं आणि स्वच्छतागृहाला जावं की नको या विचारात सासूबाई तीन तास पाणी पीत नाहीत. हे त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, तेही सहज, भाजी निवडता निवडता. पुढचं तिकीट थेट काढलं, खिडकीची नाही, पॅसेजची जागा पैसे भरून घेतली, आणि सासऱ्यांना बजावलं की दर दोन तासांनी उठून फेरी मारायची. त्यांनी मारली म्हणे. सासूबाई म्हणतात, एकदाच, तीही चहा मागायला.