जयपूरचा 'सरकारी' पाचू आणि आमचे ४६,९०० रुपये

आधी आकडाच सांगते, म्हणजे पुढचं कोणी गंमत म्हणून वाचणार नाही. ४६,९०० रुपये. त्यातले ३८,५०० पाचूची माळ आणि कानातले यांचे, ८,४०० दोन जयपुरी रजयांचे. गाइडला दिलेले १,२०० यात धरलेले नाहीत.

आता "तुम्ही शिकलेली माणसं, असं कसं फसता" हे ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून हेही सांगते की मी शाळेत इतिहास शिकवते, राजस्थानची ट्रिप मी स्वतः आखली होती, जयपूर, चित्तोड, कुंभलगड, उदयपूर, कुठे काय बघायचं सगळं वहीत लिहिलेलं. गाइड लोक कमिशनवर दुकानात नेतात हे मलाही माहीत होतं हो. सगळ्यांनाच माहीत असतं. पण सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे, दोन मुलं, ऊन, आणि आमेर किल्ल्याच्या पायथ्याशी गळ्यात कार्ड घातलेला एक सभ्य माणूस समोर येऊन "माताजी को चढाई नहीं करनी पडेगी, मैं जीप करवा देता हूँ" म्हणतो तेव्हा काय कराल?

माणूस हुशार होता. महाराष्ट्रातून आलो म्हटल्याबरोबर सुरू, शिवाजी महाराज, पुरंदर, आमचे मिर्झाराजे त्यांचा किती मान ठेवायचे. शीशमहालात उभं राहून म्हणाला हा मिर्झाराजांच्याच काळातला, आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे माझा विश्वास बसला, दुसरं काही नाही. १६६५ च्या तहात मिर्झाराजांनी आपले २३ किल्ले घेतले होते, त्यांच्या गावच्या माणसाने आमच्याकडून तेवढ्याच गोडीत बाकीचं घेतलं!

पण घाई किती करत होता. दिवाण-ए-आम, गणेश पोल, शीशमहाल, चला चला. गणेश पोल या दरवाजावरची चित्रं मला नीट बघायची होती, तर म्हणे फोटो काढा आणि पुढे व्हा. मग मी विचारलं जयगड? आमेरच्या डोक्यावरच आहे तो, तिथे जयबाण तोफ आहे, १७२० मध्ये तिथल्याच कारखान्यात ओतलेली, जवळजवळ ५० टनांची, मुलांना तीच बघायची होती. तर म्हणाला, "आज बंद है मॅडम." बंद नव्हता. संध्याकाळी हॉटेलात दुसऱ्या एका कुटुंबाने तोफेसमोरचे फोटो दाखवले. जयगड सरकारी एकत्रित तिकिटात येत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं, आम्ही एकत्रित तिकीट घेतलेलं त्याने बघितलं आणि त्यावरच खोटं रचलं. गाइड 'बंद है' म्हणाला की जाऊन बघायचं, नाहीतर तिकीट खिडकीवर विचारायचं. जंतरमंतरचंही तेच. सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे, सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवतं, आणि हा भर उन्हात सांगतो की आता जाऊन काही दिसणार नाही! का, तर दुकानासाठी वेळ हवा होता.

दुकानावर मोठ्ठी पाटी, सरकारमान्य हस्तकला वगैरे. आधी ठशांची छपाई दाखवली, चहा आला, मग रजई. खरी जयपुरी रजई हलकी असते हे मला माहीत होतं आणि दाखवलेली खरंच हलकी होती, सुंदर होती. "आप कहाँ उठाओगे, कुरियर फ्री." मग रत्नांचा मजला. आता जयपूर म्हणजे रत्नांचं गावच ना, जोहरी बाजार आहे, पैलू पाडणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या तिथलेच, त्यामुळे तिथे पाचू घेणं यात मूर्खपणा काय होता ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलंय, तिला गुरुजींनी बुधाचा खडा सांगितलेला, सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथेच घेऊन टाकू, पुण्यात दुप्पट सांगतील." त्या माणसाने खडा काचेवर घासला, काचेवर ओरखडा, खडा जसाच्या तसा. "असली है माताजी." हे नीट वाचा, काचेवर ओरखडा उठला म्हणजे काहीही सिद्ध होत नाही. साधा क्वार्ट्झसुद्धा काचेपेक्षा कडक असतो.

आणि मग तो क्षण. नवऱ्याने क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी किराणा अँड जनरल स्टोअरचं. किराणा! सरकारमान्य हस्तकलेच्या दुकानात किराणा! नवरा थांबला, मला मोबाइल दाखवला, मी वाचलं, आम्ही दोघांनी वाचलं, नवऱ्याने विचारलंही. "सर, हमारा सर्वर डाउन है, भाई की दुकान का है, एकही बात है." मागे सासूबाई माळ गळ्याला लावून आरशात बघतायत, मुलं भूक लागली म्हणून रडकुंडीला आलेली, आणि नवऱ्याने पिन टाकला. त्या चार-पाच सेकंदांवर मी रोज रात्री भांडते. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं तेच तुमचं खरं दुकान, पाटीवरचं नाही. नाव जुळलं नाही की उठायचं, चहा प्यायला असला तरी उठायचं. बिल म्हणून जो कागद दिला त्यावर वर 'एस्टिमेट' छापलेलं, जीएसटी नंबर नाही, आणि 'पाचू' हा शब्दच नाही, नुसतं 'ग्रीन स्टोन सेट'. हे घरी आल्यावर वाचलं. सर्टिफिकेट दिलं होतं त्यावर लॅबचा पत्तासुद्धा नव्हता.

चित्तोड-कुंभलगड छान झालं, चित्तोडला तिकीट खिडकीजवळ गाइड घेतला, त्याने आधी रेट सांगितला, विजयस्तंभाचे नऊ मजले बाहेर उभं राहून निवांत समजावले, एकाही दुकानाचं नाव काढलं नाही. म्हणजे चांगले लोक आहेत तिथे.

घरी आल्यावर ओळखीच्या सराफाने माळ हातात घेतली आणि तोंड वाकडं केलं. लॅबचे ९०० रुपये भरले, रिपोर्ट आला: रंगवलेला क्वार्ट्झ. त्यानंतर रजया आल्या, पॉलिस्टर भरलेल्या, जड. फोन केला तर म्हणे, "हमारे यहाँ ऐसा कोई माल नहीं है", नंतर नंबर बंद.

आणि इथून पुढे जे झालं त्याचा राग दुकानदारापेक्षा जास्त आहे. आमच्या इथल्या पोलीस ठाण्यात गेलो, तर गुन्हा जयपूरला झाला, तिकडे जा. मी सांगितलं की १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हद्द न बघता तक्रार घ्यायची सोय आहे, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" तिकडच्या ठाण्याला फोन केला, "यहाँ आके लिखवाओ." ४६,९०० साठी जयपूरला परत जाऊ? सायबरवाले म्हणाले तुम्ही समोर उभं राहून स्वतः पिन टाकला, हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणाली व्यवहार यशस्वी झालाय, तुमचा वाद दुकानदाराशी. दुकानदार कोण, तर किराणा! पर्यटनवाल्यांना मेल केला, आपोआप येणारं उत्तर आलं, मग विचारलं गाइडचा लायसन्स नंबर द्या. गाइडचा एकच फोटो आमच्याकडे आहे, गणेश पोलसमोर, आणि त्यात गळ्यातलं कार्ड उलटं आहे. प्रत्येक खिडकीवर सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलणार, "पण तुम्ही पैसे दिलेच कसे?" अरे, तक्रार घ्यायला बसलायस की माझी परीक्षा घ्यायला?

गाइड ठरवतानाच कार्डाचा सरळ फोटो काढा, खरा असेल तर तो नाही म्हणत नाही. रत्न घ्यायचंच असेल तर पक्क्या बिलावर रत्नाचं नाव आणि वजन लिहून घ्या आणि जीएसटी नंबर तिथेच बसून पोर्टलवर टाकून बघा. दुकानातून कुरियर नकोच, पिशवी जड झाली तर होऊ दे.

ग्राहक आयोगात मात्र २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे मला एकाही ऑफिसने सांगितलं नाही, शाळेतल्या क्लार्कने सांगितलं. तक्रार भरली आहे, पेमेंटचा स्क्रीनशॉट, लॅब रिपोर्ट, तो एस्टिमेटचा कागद, सगळं जोडलंय. आता त्यांना दुकानाचं पूर्ण नाव आणि पत्ता हवाय, आणि कागदावर नुसतं 'आमेर रोड, जयपूर' एवढंच आहे. पुढच्या महिन्यात जयपूरला कोणी जाणार असेल तर मला मेसेज करा, मी दुकानाच्या दाराचा फोटो पाठवते. आत जाऊ नका, बाहेरूनच पाटीचा आणि बाजूच्या दुकानाच्या नंबरचा फोटो काढून आणा.