आर्कम सिटी की आर्कम नाइट? घोडं अडतं ते रणगाड्यापाशी

दोन्ही बॅटमॅनचे व्हिडिओ गेम रॉकस्टेडी या कंपनीचे, दोन्हींत बॅटमॅनला आवाज केविन कॉनरॉयचा, आणि मारामारीतली वार, काउंटर (समोरच्याचा वार परतवणं) आणि स्टन (त्याला गांगरवणं) ही घडीही तीच. 'सिटी' २०११चा, 'नाइट' २०१५चा. दिसण्यात नाइट उजवा आहे, त्यावर वाद नको.

मारामारीतही तो पुढे आहे, हे कबूल. फिअर टेकडाउनमध्ये दबा धरून एका दमात तिघांना लोळवता येतं, अपग्रेड घेतलं की पाच जणांना. शत्रूंतला मेडिक पडलेल्या साथीदारांना पुन्हा उभं करतो, म्हणून गर्दीत आधी त्यालाच गाठायचं. डिटेक्टिव्ह मोड, म्हणजे भिंतीपलीकडचे शत्रूही दाखवणारी नजर, सतत चालू ठेवला तर मिलिशियातले, म्हणजे शत्रूच्या सशस्त्र फौजेतले, काही जण त्याचा माग काढत थेट तुमच्यापर्यंत येतात. सिटीत असा काही धाक नाही, त्यामुळे अर्धा गेम निळसर एक्स-रेमधूनच खेळला जातो. ही त्याची खरी उणीव.

पण नाइटमधली बॅटमोबिल, म्हणजे बॅटमॅनची गाडी! नुसती पळवायची असती तर तक्रार नव्हती. बॅटल मोडमध्ये तिचा रणगाडा होतो आणि शत्रूच्या ड्रोनच्या, म्हणजे बिनमाणसांच्या रणगाड्यांच्या, लाटा सुरू होतात. नेमाची रेषा अंगावर आली की डॅश मारून सरकायचं, ६० मिमी तोफ डागायची, मार न खाता ड्रोन पाडत गेलात की मिसाइलचा मीटर भरतो. सुरुवातीला गंमत येते. मग येतात कोब्रा नावाचे रणगाडे. हे समोरून फुटत नाहीत; मागे जाऊन पाठीवरच्या कमजोर जागेवर लॉक होईपर्यंत नेम धरायचा, एक उडाला की उरलेले मागे लागतात, गल्लीबोळांतून त्यांना चुकवायचं, की पुन्हा पहिल्यापासून. क्लाउडबर्स्ट या शत्रूच्या बड्या रणगाड्याशी हाच लपंडाव, आणि डेथस्ट्रोकशीही जवळपास हाच. तलवारबाज खलनायक समोर असून त्याला रणगाड्यात बसवायचं, हे काही पटत नाही. यातला बराचसा भाग मुख्य कथेतच असल्याने टाळताही येत नाही.

याउलट सिटीतला खलनायक मिस्टर फ्रीझ. एक डाव त्याच्यावर एकदाच चालतो. पाठीमागून गाठलंत, तर पुढच्या वेळी पाठ सुरक्षित. मग जमिनीच्या जाळीतून वर या, एक्स्प्लोसिव्ह जेलने भिंत त्याच्या अंगावर उडवा, इलेक्ट्रोमॅग्नेटला विजेचा झटका देऊन त्याला खेचा. आतापर्यंत जमवलेलं प्रत्येक गॅजेट इथे कामी येतं. माझं पारडं झुकलं ते इथे. रणगाडेच आवडणाऱ्यांना कदाचित उलटं वाटेल.

कोडी घालणाऱ्या रिडलर या खलनायकाचं प्रकरणही बघून घ्या. सिटीत त्याची ४४० आव्हानं आहेत, पण ती सोडून दिली तरी कथेचा शेवट पूर्ण दिसतो. नाइटमध्ये पूर्ण शेवटासाठी सगळी २४३ लागतात, आणि त्यांत गाडीच्या शर्यतीही आहेत.

सिटी घेतलात तर ऑगमेंटेड रिॲलिटी ट्रेनिंग लवकर उरका. ग्रॅपनेल बूस्ट, म्हणजे दोराने वर खेचलं जाताना हवेत झेप घ्यायची सोय, तिथेच मिळतो आणि त्याशिवाय शहरभर फिरणं रखडतं. नाइटच घ्यायचा असेल तर सुरुवातीचे काही अपग्रेड पॉइंट गाडीच्या चिलखतावर घाला, शत्रूचेच ड्रोन फिरवणारा व्हायरस मिळाला की गर्दीत तोच वापरा. आणि दोन्ही खेळणार असाल तर सिटी आधी, कारण नाइटचा पहिलाच प्रसंग सिटीचा शेवट सांगून टाकतो.