इझमिर: सहलीच्या कार्यक्रमात नसलेला दिवस

बडोद्यातील एका सहल-संस्थेबरोबर गेल्या वर्षी आम्ही उभयतांनी तुर्कस्तानची दहा दिवसांची सहल केली. इस्तंबूल आणि कप्पादोकिया येथील व्यवस्था उत्तम होती. इझमिरच्या मुक्कामाविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण संस्थेने ज्या शहराचा उपयोग इफेसस या प्राचीन नगराचे अवशेष पाहण्यापुरता केला, ते शहर मला साऱ्या सहलीत सर्वांत अधिक भावले.

छापील कार्यक्रमात इझमिरसाठी कोनाक चौकातील घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पंधरा मिनिटे राखलेली होती. मनोरा १९०१ सालचा आणि पंचवीस मीटर उंच आहे, एवढे सांगून मार्गदर्शकाने मंडळींना छायाचित्रे काढण्यास मोकळे सोडले. ज्या बंदरामुळे हे शहर शतकानुशतके श्रीमंत झाले, ते चौकातून दोन पावलांवर असताना त्याविषयी एक शब्दही कोणी बोलू नये, याचे मला फार वाईट वाटले.

दुसरा दिवस खरेदीचा होता. आम्ही दोघांनी तो शहर स्वतः पाहण्यासाठी मागून घेतला, आणि संस्थेच्या व्यवस्थापकांनी त्यास आनंदाने संमती देऊन शहर-वाहतुकीची कार्डेही मिळवून दिली, याबद्दल त्यांचे आभार मानतो. या एकाच कार्डावर बस, मेट्रो, ट्राम, उपनगरी गाडी आणि खाडीतील बोट अशा सर्व वाहनांतून जाता येते. भाषा न येणाऱ्या प्रवाशाला यामुळे जो धीर येतो, तो आमच्या वयाच्या माणसांना विशेष जाणवतो.

आम्ही प्रथम अल्सान्जाक स्थानकावर गेलो. १८५६ साली ऑटोमन सरकारने एका ब्रिटिश कंपनीला इझमिरहून आयदिनपर्यंत लोहमार्ग बांधण्याचा परवाना दिला. अनातोलियातील, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातील, हा पहिला लोहमार्ग असून, तो १८६६ मध्ये आयदिनला पोहोचला. तोपर्यंत मेंदेरेस नदीच्या खोऱ्यातील अंजीर, मनुका आणि कापूस उंटांच्या तांड्यांवर लादून बंदरात येत असे. हे ऐकताना मला बडोद्याजवळच्या आपल्या डभोईची आठवण झाली. १८६२ साली डभोई ते मियागाम या नॅरोगेज मार्गावर आरंभी बैल गाडी ओढत होते, हे बडोद्याच्या प्रतापनगरला लहानाचा मोठा झालेल्या कोणालाही ठाऊक असते. दोन्ही मार्गांचा काळ जवळजवळ एकच आहे, पण आपला मार्ग खंडेराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने बांधला, तर तिकडचा परक्या भागधारकांच्या भांडवलावर उभा राहिला आणि तुर्की सरकारला तो १९३५ साली विकत घ्यावा लागला. मालकीचा हा फरक माझ्या मते रुळांच्या रुंदीहून कितीतरी मोठा आहे.

अल्सान्जाकहून उपनगरी गाडीने आम्ही उत्तरेस अलिआगाला गेलो. २०१० साली सुरू झालेली ही सेवा आता दक्षिणेस सेल्चुकपर्यंत जाते आणि तिची एकूण लांबी सुमारे १३६ किलोमीटर आहे. माझी उमेदीची वर्षे पेट्रोरसायनांच्या कारखान्यात गेल्यामुळे अलिआगा मला घरच्यासारखे वाटले. येथे तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायने शेजारी-शेजारी आहेत, जसे आपल्याकडे कोयलीच्या परिसरात. जुनी जहाजे तोडण्याचा उद्योगही येथेच चालतो, त्यामुळे अलंग पाहिलेल्या माणसाला त्या किनाऱ्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कारखान्यांत प्रवेश नसतो, त्यामुळे सौभाग्यवतींना हा भाग कंटाळवाणा वाटला, हे प्रांजळपणे नमूद करतो.

परतल्यावर कुल्तूरपार्कमध्ये बसलो. सप्टेंबर १९२२ च्या आगीत ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या, आणि त्याच जळीत भूमीवर १९३६ साली हे विस्तीर्ण उद्यान झाले. शहराचे सुप्रसिद्ध आंतरराष्ट्रीय प्रदर्शन पुढे अनेक दशके येथेच भरत असे. झाडांखाली मुले खेळत होती. त्या जागेवर पूर्वी कोणाची तरी घरे होती, हे सांगणारा माणूस सहलीबरोबर असायलाच हवा होता, असे मला त्या वेळी फार तीव्रतेने वाटले.

सायंकाळी कोनाकहून खाडीपलीकडच्या कार्शियाकाला बोटीने गेलो. वीसेक मिनिटांच्या त्या प्रवासात लोक गेव्रेकचे, म्हणजे तिळाच्या कड्यासारख्या पावाचे, तुकडे समुद्रपक्ष्यांना घालतात. सौभाग्यवतींना हाच भाग सर्वाधिक आवडला.

बासमाने स्थानकाजवळचे हॉटेल स्वच्छ होते आणि शाकाहारी जेवणाची सोय समाधानकारक होती. संस्थेला माझी लेखी सूचना अशी आहे की, इझमिरच्या खरेदीच्या दिवसातील अर्धा दिवस अल्सान्जाक, कुल्तूरपार्क आणि बोट यांसाठी राखावा, आणि शहराचा इतिहास जाणणारा स्थानिक मार्गदर्शक त्यापुरता द्यावा. यासाठी मोटार लागत नाही, कार्डे पुरतात. तोपर्यंत या सहलीस जाणाऱ्यांनी तो दिवस स्वतः मागून घ्यावा. आम्हांला तो मागताच मिळाला होता.