एजन्सीची ड्युटी की दवाखान्याचा हजेरीपट?

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, की लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या मुली मला एकच विचारतात, "सिस्टर, एजन्सीचा फोन आलाय, जाऊ का?" माझी बावीस वर्षं लेबर रूममध्ये गेली. मधली दोन वर्षं मी एजन्सीतर्फेही काम केलं. त्यामुळे एका शब्दात हो किंवा नाही म्हणणं मला जमत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे एजन्सी म्हणतात ती दोन प्रकारची असते. एक दवाखान्याला माणसं पुरवणारी कंत्राटदार. तुम्ही काम दवाखान्यात करता, पगार मात्र कंत्राटदार देतो. दुसरा नर्सिंग ब्युरो. तो पेशंटच्या घरी केस लावून देतो आणि आपलं कमिशन घेतो. तिसरी वाट थेट दवाखान्याच्या हजेरीपटावर लागण्याची. फोनवर बोलणारा माणूस यातलं नेमकं काय देतोय, हे सगळ्यात आधी विचारा.

हात कुठे तयार होतो

नव्या मुलीनं पगाराच्या आधी हे बघावं. मी आरएम, म्हणजे रजिस्टर्ड मिडवाइफ, या दोन अक्षरांबद्दल बोलतेय, कारण मिडवाइफ म्हणून रजिस्ट्रेशन मिळालं म्हणजे बाळंतपण करता येतं असं नाही.

ऊसतोडीचा हंगाम संपला की बीड, धाराशिवकडच्या टोळ्या गावी परततात. त्यांतली एखादी बाई थेट कळा घेऊनच दवाखान्यात येते. पाच-सहा महिने तपासणी नाही, कार्ड कोरं, डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत पांढरीफटक. अशा बाईचं बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिट तिच्या मांडीत गेलेच पाहिजेत. मग वार पूर्ण आली का बघायचं आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखं घट्ट होतंय का तपासायचं. अंगात रक्तच नाही तिथं थोडा रक्तस्रावसुद्धा जिवावर बेततो. हे शेजारी उभ्या असलेल्या जुन्या सिस्टरकडूनच शिकायला मिळतं.

थेट नोकरीत ती जुनी सिस्टर रोज सोबत असते. कंत्राटदारातर्फे गेलात तरी वॉर्ड तोच असतो. पण जिथं माणूस कमी पडेल तिथं तुम्हाला हलवतात, आज मेडिसिन, उद्या ऑपरेशन थिएटर. अनुभवी सिस्टरला ते चालतं, नवखीचं शिक्षण मात्र अर्धवट राहतं. ब्युरोत बाळंतपण नसतंच. बाळ-बाळंतिणीची केस मिळते. अंगावर पाजणं जमवून देणं, टाके बघणं, बाळाची नाळ कोरडी ठेवणं. काम चांगलं आणि गरजेचं आहे, पण त्यानं लेबर रूमचा हात तयार होत नाही.

ब्युरोच्या बाकी केसेस बहुतेक अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या असतात. रात्रीचे दोन वाजलेत, नाकातल्या नळीतून पेज द्यायचीय, नळी पोटातच आहे की सरकलीय याची शंका आली, तर विचारायला खोलीत कोणी नसतं. म्हणून दवाखान्यात निदान दोन वर्षं काढल्याशिवाय घरची केस घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पैसा

हातात येणारा आकडा एजन्सीचा बऱ्याचदा मोठा दिसतो. तो नीट सोडवून बघा. पीएफ लागू होणारा पगार १५,००० धरला तर १२ टक्क्यांनी तुमचे १,८०० कापले जातात आणि मालकानं आपले १,८०० घालायचे असतात. काही कंत्राटदार मालकाचा वाटाही तुमच्याच ठरलेल्या रकमेत मोजतात. तेव्हा विचारायचं ते एवढंच, "सगळं कापून माझ्या खात्यावर किती जमा होणार?" उत्तर कागदावर घ्या. पगार २१,००० पर्यंत असेल आणि संस्थेला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू असेल, तर तुमचा वाटा फक्त पाऊण टक्का असतो. १६,००० वर १२० रुपये. त्यात घरच्यांचाही इलाज होतो, ते सोडू नका.

माझ्या पगारातून एजन्सीनं चौदा महिने पीएफ कापला आणि खात्यावर आठच महिन्यांचा भरला. मला कळलं ते काम सोडल्यावर, मुलाच्या फीसाठी पैसे काढायला गेले तेव्हा. तुम्ही पीएफ खात्याचा यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात मागा आणि दर महिन्याला पासबुक बघा. कंत्राटदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे दवाखान्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ही तरतूद आहे. "ते एजन्सीचं बघा" हे उत्तर ऐकून परत फिरू नका, लेखी अर्ज द्या.

ब्युरोत ड्युटी केली तर पैसा. पेशंट दगावला किंवा मुलगा पुण्याला घेऊन गेला की केस संपली. पीएफ बहुधा नसतोच. पण लहान लेकरू आहे, महिन्यातले पंधराच दिवस काम करायचंय, अशा बाईला हीच वाट सोयीची पडते. तिनं फक्त स्वयंपाक, झाडू, भांडी आपल्याकडे नाहीत, हे पहिल्या दिवशी घरच्यांसमोर ब्युरोवाल्याच्या तोंडून वदवून घ्यावं. इंजेक्शन द्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

बाळंतपणाच्या रजेचंही सांगते. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळते. थेट नोकरीत ती मागणं सोपं. कंत्राटात अकरा महिन्यांचा करार करून मध्ये खंड दाखवतात, तिथं भांडावं लागतं.

परदेशाची एजन्सी हा वेगळा विषय. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. सौदी, कुवेत, कतारसारख्या देशांत नर्सची भरती २०१५ पासून सरकारनं मान्यता दिलेल्या ठराविक संस्थांमार्फतच होते. गावात येऊन दोन लाख मागणारा माणूस त्यातला नसतो.

फाइल

परवा परभणीकडची एक मुलगी प्लास्टिकची फाइल घेऊन घरी आली. गुणपत्रकं आणि कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव, आधार आणि बँकेवर सासरचं, पॅनवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त. एजन्सीनं याच कारणावरून तिला दोनदा परत पाठवलं होतं. आपल्याकडे ही अडचण घरोघरी आहे. विवाह नोंदणीचा दाखला आधी काढा, गरज पडली तर राजपत्रात नाव बदलून घ्या.

रजिस्ट्रेशनची मुदत बघा, नूतनीकरण पाच वर्षांनी असतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना, म्हणजे आज सुरू केलंत तर सहा महिन्यांनी पूर्ण होतील. मुलाखतीत हिशेब विचारतात. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेट १५ थेंबांना १ मिलीचा, तर मिनिटाला किती थेंब? साधारण ३१. हे तोंडावर हवं. अनुभवाच्या दाखल्यावर वॉर्ड आणि तारखा हव्यात, आणि कंत्राटात असाल तर एजन्सीबरोबर दवाखान्याचाही शिक्का मागा. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत. दाखवायचे आणि त्यांच्यासमोरच फाइलमध्ये परत घालायचे.

त्या परभणीच्या मुलीला मी दीड हजार कमी मिळत असले तरी थेट नोकरीच घ्यायला सांगितलं, कारण तिथं लेबर रूम मिळतेय. तिनं हिपॅटायटिसचा पहिला डोस घेतलाय, विवाह नोंदणीच्या दाखल्यासाठी ग्रामसेवकाकडे सोमवारी जाणार आहे.