मॅन्युअल लॉकिंग हब बसवून ८ महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

माझी गाडी पार्ट-टाइम फोर-व्हीलवाली (एरवी फक्त मागची चाकं ओढतात, लिव्हर टाकला की चारही), आणि पुढच्या ॲक्सलला मुळातच फिक्स फ्लँज, म्हणजे चाक आणि आतला शाफ्ट कायम जोडून ठेवणारी चकती. म्हणजे लिव्हर टू-व्हीलमध्ये असला तरी पुढची चाकं फिरली की आतले शाफ्ट, डिफरन्शियल, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट सगळं विनाकारण फिरत राहतं. दोनदा क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टचे सांधे) बदलून झाले तरी ठराविक स्पीडला पायाखाली बारीक घरघर होतीच, शेवटी ठरवलं की लॉकिंग हब टाकूया, म्हणजे फ्लँजच्या जागी बसणारा भाग, बाहेरचा डायल हाताने फिरवून चाक शाफ्टला जोडायचं (लॉक) किंवा मोकळं सोडायचं (फ्री). कल्पना तशी जुनीच आहे, आर्थर वॉर्न यांनी १९४८ पासून युद्धातून उरलेल्या जीपसाठी असे हब बनवायला घेतले होते, कारण त्या जीप आता रोज साध्या रस्त्यावर चालणार होत्या.

बसवायला एक दुपार गेली. गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढू नका), फ्लँजचे ६ बोल्ट, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढली, की फ्लँज हातात येतो. तेवढ्यात व्हील बेअरिंगचा प्ले बघून घ्याच, चाक डुगडुगत असेल तर हबच्या दातांवर वाकडा लोड येतो आणि मग दोष हबला दिला जातो. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला सर्क्लिपने. नवीन हब आत बसला की शाफ्ट मागे सरकतो आणि सर्क्लिपची खाच दिसतच नाही, मी बराच वेळ स्क्रूड्रायव्हरने खटपट करत होतो, मग लक्षात आलं की शाफ्टच्या टोकाला आटे आहेत, त्यात एक बोल्ट फिरवला आणि बाहेर ओढून धरला, खाच उघडी पडली आणि सर्क्लिप टक्कन बसली. झाकण लावताना डायल फ्रीवर ठेवायचा आणि छोटे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, ताकद लावली तर आटे जातात. नंतर चाक हवेत असतानाच फ्री आणि लॉक दोन्ही करून हाताने फिरवून बघा, फ्रीमध्ये आतला शाफ्ट गप्प राहायला हवा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर माझे दोन बोल्ट किंचित सैल मिळाले, तेव्हा परत आवळणं टाळू नका.

फरक काय पडला? घरघर गेली. स्टिअरिंग थोडं हलकं झालं, गिअर काढून गाडी सोडली की जास्त लांब घरंगळते. मायलेजचं मात्र खरं सांगतो, मला स्पष्ट असा फरक मिळाला नाही, टायरमधली हवा आणि चालवण्याची पद्धत यानेच त्याहून जास्त फरक पडत असेल. नुसत्या मायलेजसाठी घेणार असाल तर घेऊ नका.

तिसऱ्या महिन्यात ओढा ओलांडून आलो आणि उजवा डायल एकदम जड झाला. तिथेच पक्कड लावावीशी वाटलेली पण नाही लावली ते बरं झालं. घरी उघडलं तर आतलं ग्रीस दुधाळ, राखाडी, बोटाला पाण्यासारखं ओघळणारं. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी रिंग) मी कोरडीच बसवली होती, ती एका जागी चिमटून अर्धवट कापली गेलेली. आणि दुसरी चूक, प्रेमाने भरपूर ग्रीस कोंबलं होतं, त्यामुळे सरकणारी रिंग स्प्रिंग असूनही चिकटून राहत होती. सगळं धुऊन काढलं, दातांवर पातळ थर दिला, ओ-रिंगला बोटाने ग्रीस चोळलं आणि तेव्हापासून डायल दोन बोटांनी फिरतो. कधी अडलाच तर गाडी हातभर पुढेमागे करा, दात जुळले की आपोआप जातो.

अजून एक, अनेकांना वाटतं की हब लॉक ठेवून डांबरी रस्त्यावर चाललं तर काहीतरी तुटेल. तसं नाहीये, लिव्हर टू-व्हीलमध्ये असेल तर लॉक हब म्हणजे पूर्वीचा फिक्स फ्लँजच. ताण येतो तो कोरड्या कडक रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळलं की. म्हणून चिखलाचा दिवस असेल तर मी सकाळीच दोन्ही बाजू लॉक करतो आणि दिवसभर आतूनच लिव्हर वापरतो, चिखलात रुतल्यावर खाली उतरून डायल शोधणं फार वाईट. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, एक लॉक एक फ्री राहिला तर पुढच्या ॲक्सलची ओढच मिळत नाही. आणि हब फ्री असताना लो (लिव्हरचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर) टाकलात तर सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर जातो हे विसरू नका. ट्रेलर कडक जमिनीवर हळू मागे घेताना मात्र मी मुद्दाम तसंच करतो, पुढचं काही आखडत नाही, फक्त क्लच हळुवार सोडायचा.

महिन्यातून एकदा हब लॉक करून थोडं अंतर चालवतो, नाहीतर पुढच्या डिफरन्शियलचं तेल एका जागी बसून राहतं आणि सील कोरडे पडतात.

फुल-टाइम फोर-व्हीलवाल्यांनी आपल्या ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, आहे का ते आधी बघावं, असेल आणि ते लॉक नसेल तर हब फ्री केल्यावर सगळी ताकद मोकळ्या शाफ्टकडे जाऊन गाडी जागची हलणार नाही.

मागच्या आठवड्यात दोन्ही झाकणं परत उघडली, मध्ये तीन वेळा पाण्यातून गेलोय, ग्रीस स्वच्छ निघालं. ओ-रिंगचा एक जोड आणि ॲलन की आता कायम गाडीतच असतात.