मशीनसाठीची डिस्केलिंग पावडर: कुठे कामाची, कुठे नाही

वॉशिंग मशीनच्या सर्व्हिसिंगला आलेला माणूस बहुतेक वेळा डिस्केलिंग (क्षारांचा थर काढणाऱ्या) पावडरची पुडी गळ्यात मारूनच जातो. १०० ग्रॅमची पुडी, किंमत शंभर-दीडशेच्या घरात, आणि ‘महिन्यातून एकदा टाका’ हा सल्ला. पावडर चांगली आहे, पण ती एकाच कामाची आहे. कपड्यांना वास येतो, काळे कण चिकटतात, पांढरे पट्टे उठतात, अशा प्रत्येक तक्रारीवर तीच ओतली की पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

यातल्या बऱ्याच पुड्यांत मुख्य घटक सायट्रिक ॲसिड असतो, काहींत सल्फॅमिक ॲसिड. जड पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या कॅल्शियमचा पांढरा थर हीटरवर बसतो. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि शेवटी हीटरच जळतो. हा थर आम्लात विरघळतो. १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड जास्तीत जास्त ७०-७५ ग्रॅम थर विरघळवू शकतं, त्यापुढे त्याची ताकद संपते. म्हणून वर्षानुवर्षं साफ न केलेलं मशीन एका पुडीत स्वच्छ होईल ही अपेक्षाच चुकीची.

फ्रंट लोडमध्ये वापरताना ड्रम पूर्ण रिकामा हवा. पावडर थेट ड्रममध्ये टाका. ड्रॉवरमध्ये टाकली तर थोडी तिथेच चिकटून बसते, आणि प्रीवॉश चालू राहिला असेल तर पहिल्याच पाण्याबरोबर निघून जाते. कॉटन प्रोग्रॅम, ६० अंश, प्रीवॉश बंद, डिटर्जंट अजिबात नाही. ९० अंशांवर लावण्याचा मोह टाळा. सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम मिळून जो क्षार तयार होतो तो जास्त गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणजे एक थर काढून दुसरा बसवल्यासारखं होतं. पाणी तापल्यावर मशीन अर्धा तास पॉज करा, मग प्रोग्रॅम पूर्ण होऊ द्या आणि वर एक जादा रिन्स द्या.

पावडर पुरली की नाही हे पाहायची सोपी खूण आहे. पहिलं पाणी बाहेर पडताना ड्रेन पाइप बादलीत सोडा (पाणी गरम असतं, हात सांभाळा) आणि मगभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. बुडबुडे आले तर आम्ल शिल्लक आहे, म्हणजे बहुधा विरघळण्याजोगा थर संपला. काहीच झालं नाही तर सगळं आम्ल खर्ची पडलंय, आणखी एक फेरी हवी.

नंतर खालच्या कोपऱ्यातला ड्रेन फिल्टर उघडायला विसरू नका. सुटलेल्या खपल्या तिथे अडकतात, आणि ‘पावडर टाकल्यावर मशीन पाणी सोडेना’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं. विजेचा प्लग काढा, खाली पसरट थाळी ठेवा आणि झाकण हळूहळू फिरवा.

टॉप लोडची गोष्ट वेगळी. फ्रंट लोडमध्ये धुण्याचं पाणी साधारण १०-१५ लिटर असतं, टॉप लोड काठोकाठ भरलं तर ५०-६० लिटर. तेवढ्या पाण्यात १०० ग्रॅम पावडर म्हणजे नावापुरती. त्यात बऱ्याच टॉप लोड मशीनना हीटरच नसतो, मग वाचवायचं काय? अशा मशीनमध्ये ड्रम आणि बाहेरच्या टबच्या मधे जो चिकट राखाडी थर साचतो तो डिटर्जंट, कंडिशनर, मळ आणि बुरशीचा. कपड्यांवर येणारे काळपट कण तिथलेच. आम्लाने तो सुटत नाही. त्याला सोडियम परकार्बोनेट असलेला टब क्लीनर लागतो: गीझरचं गरम पाणी भरायचं, पाच मिनिटं फिरवायचं, दोन-तीन तास भिजत ठेवायचं, मग पाणी सोडायचं. फ्रंट लोडच्या दारावरच्या रबरातून येणारा कुबट वासही याच जातीचा. तिथेही डिस्केलिंग पावडरचा उपयोग नाही. रबराची घडी उलटून पुसायची आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवायचं.

गडद कपड्यांवर पांढरे पट्टे दिसले तर आधी त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब कोपऱ्यात लावून बघा. डाग गेला तर तो क्षारांचा. गेला नाही, पण साध्या पाण्यात चोळून निघाला, तर न विरघळलेली डिटर्जंट पावडर आहे: ड्रम ठासून भरलाय किंवा डिटर्जंट जास्त पडलंय. टॉवेल पापडासारखे कडक होत असतील तर शेवटच्या रिन्ससाठी कंडिशनरच्या कप्प्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून घाला, त्या दिवशी कंडिशनर नको. शिवाय जड पाण्यात लिक्विड डिटर्जंटपेक्षा चांगली मॅटिक (मशीनसाठीची) डिटर्जंट पावडर सरस ठरते, कारण कॅल्शियमला बांधून ठेवणारे घटक पावडरीत जास्त असतात.

महिन्यातून एकदा हा सल्ला सरसकट पाळायची गरज नाही. मुंबईत तलावांचं महापालिकेचं पाणी मऊ असतं, तिथे वर्षातून दोनदा पुरे. वाघोली, उंड्रीसारख्या पुण्याच्या कडेच्या भागांत, जिथे बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं, तिथे दोन महिन्यांनी एकदा टाकलेली बरी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची (म्हणजे पाणी किती जड याची) स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुमचा आकडा कठीणपणाच्या टेस्ट स्ट्रिपने पाहा. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यातले थर बसवणारे किती हे त्याला कळत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. या पावडरीबरोबर किंवा त्याच फेरीत ब्लीच कधीही घालू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आणि स्वस्तात होतं म्हणून टॉयलेट क्लीनरचं हायड्रोक्लोरिक ॲसिड मशीनमध्ये ओतू नका. ते स्टीलचा ड्रम आणि मागचा ॲल्युमिनियमचा आधार खातं.

पुडीवर सायट्रिक ॲसिडच लिहिलं असेल तर ब्रँडसाठी जास्त मोजण्यात अर्थ नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून तेच सुटं मिळतं, किलोभर घेतलं की बरंच स्वस्त पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात ओल धरून त्याचे खडे होतात. डब्यावर नाव लिहा, म्हणजे घरातलं कुणी साखर समजून चहात घालणार नाही.