नहपानाचं नाणं खरं, ठसा खोटा

नाण्यांच्या प्रदर्शनातल्या एका विक्रेत्याने मला क्षत्रप राजा नहपान याचं चांदीचं नाणं विकलं. याच नहपानाला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं होतं. त्यावर उज्जैन चिन्ह होतं: अधिकची खूण आणि तिच्या चारी टोकांना वर्तुळं. "नुसता नहपान कुठेही मिळेल साहेब, ह्यावर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा आहे. दुर्मीळ माल!" असं म्हणत त्याने साध्या नाण्याच्या तिप्पट पैसे घेतले.

वजन दोन ग्रॅमच्या आसपास. चांदी खरी. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बाण आणि वज्र. तपासायचं ते सगळं जुळत होतं, आणि जुळणारच, कारण नाणं अस्सलच होतं. झिजलेलं, स्वस्तातलं खरं नाणं घ्यायचं, त्यावर नवा पंच (ठसा उमटवायचं छोटं हत्यार) ठोकायचा आणि इतिहासासकट विकायचं, असा हा धंदा.

ओळखीच्या एका ज्येष्ठ संग्राहक काकांनी ते भिंगाखाली धरलं. राजाचं नाक-गाल सपाट झालेले, चिन्हाच्या कडा मात्र धारदार. पण एवढ्यावर निकाल लागत नाही, असं ते म्हणाले. नाणं आधी चलनात झिजलं, मग त्यावर ठसा बसला आणि लगेच ते पुरलं गेलं, असंही होऊ शकतं. निकाल लागला तो ठशाच्या खळग्यात. नाण्यावर सगळीकडे काळपट थर होता, खळग्याच्या तळाशी चांदी लख्ख, आणि कडेला तो थर तडकलेला. म्हणजे थर आधी बसला, ठसा नंतर.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. सातकर्णीने नहपानाची नाणी दोन साच्यांमध्ये धरून पुन्हा पाडली. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती ब्राह्मीत त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खालची जुनी छाप मधूनमधून डोकावते. माझ्या नाण्यावर एकाच बाजूला बारकासा पंच. "अरे, हे पाडलंय कुठे, नुसतं टोचलंय!" काका म्हणाले.

'दुर्मीळ' हा दावाही पोकळच. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या १३ हजारांवर नाण्यांचा साठा निघाला. त्यातली सुमारे दोन-तृतीयांश सातकर्णीने पुन्हा पाडलेली होती.

ब्रिटिशकालीन रुपयांवरही हाच खेळ चालतो. चांदी पारखताना सराफांनी मारलेल्या खुणा कुणा राजाची मुद्रा म्हणून खपवल्या जातात. खरं तर अशा खुणांमुळे नाण्याची किंमत बहुधा उतरते.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याने पावती दाखवायला सांगितली. पावतीवर 'जुने चांदीचे नाणे, १ नग' एवढंच. नहपान नाही, सातकर्णी नाही, ठशाचा उल्लेख नाही. तोंडी सांगितलेला सगळा इतिहास कागदावरून गायब, तिथेच माझी बाजू लंगडी पडली. म्हणून राजा, चिन्ह आणि ते अस्सल असल्याची हमी पावतीवर लिहून मागा. जो आढेवेढे घेईल त्याच्याकडून घेऊच नका. "शेतात नांगरताना सापडलंय" हे माझा विक्रेता पुरावा म्हणून सांगत होता. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला असा, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ती गोष्ट खरी असती, तर भानगड आणखी वाढली असती.

पुढच्या प्रदर्शनात तो पुन्हा दिसला. या वेळी नाण्यांवर तीन कमानींचा डोंगर होता, तोही एकाच बाजूला.